‘दादा पाटी फोडला’: बोलीच्या आड लपलेल्या भाषा विकाराचं एक प्रकरण

(मुलाची ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ. सोहम माझ्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत शिकत होता. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात आई, आजी आणि सहा वर्षांची बहीण. घरी सगळे वऱ्हाडीच बोलतात, माझ्या ओपीडीत येणारी बहुतेक घरं तशीच.

वडिलांच्या हातात दोन कागद होते. एक गुरुजींची चिठ्ठी: ‘विद्यार्थी वाचतो पण उत्तरे देत नाही, लेखनात अतोनात चुका.’ दुसरा शहरातल्या एका खासगी केंद्राचा अहवाल, त्यात एकच निदान: डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं उकलून वाचण्यातली अडचण. त्या अहवालाच्या भरवशावर मुलानं आठ महिने बाराखडी आणि जोडाक्षरांच्या कार्डांचा सराव केला होता. फी भरून, आठवड्यातून तीनदा. वडिलांना माझ्याकडून उपचार नको होते. त्यांना प्रमाणपत्राची वाट माहीत करून घ्यायची होती.

त्यातच २०२० चा मार्च. सोहमची पहिली संपत आली आणि शाळा बंद झाल्या. पुढची जवळपास दोन वर्षं अभ्यास म्हणजे वडिलांच्या मोबाइलवर येणारे व्हिडिओ, तेही ते ड्यूटीवरून आल्यावर. त्यामुळे ‘लॉकडाऊनमध्ये राहून गेलं’ हे कारण सगळ्यांना पटलेलं होतं. मलाही पटलं असतं.

अडचण नेमकी कोणती?

पहिल्या भेटीत माझ्या दोन चुका झाल्या. त्या आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

मी पुण्यात वाढले. सोहमशी मी माझ्या मराठीत बोलायला लागले, ‘तुला काय खायला आवडतं, सांग बरं’ वगैरे. तो खाली बघत बसला. वीस मिनिटांत तीन-चार शब्द. मी टिपणात ‘मितभाषी’ लिहून टाकलं. मग चित्रं दाखवली, तेव्हा तो थोडा बोलला: ‘पोरगा खेळते’, ‘शाया’, ‘पानी’. मी ‘खेळते’च्या खाली रेघ मारून लिंगाची चूक म्हणून नोंद केली. वऱ्हाडीत ‘तो जाते’, ‘बाप म्हणते’ हेच बरोबर रूप असतं, हे तेव्हा माझ्या कानाला ठाऊक नव्हतं.

दुसरी चूक पहिलीच्या उलट दिशेची. घरी आल्यावर एका विदर्भातल्या सहकारी मैत्रिणीला रेकॉर्डिंग ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, अगं, हे तर आमच्याकडे सगळेच असं बोलतात. मी ओशाळले. ओशाळलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तशी मीही गेले. गुरुजींना पत्र लिहायला घेतलं: ‘शाया, पानी, मले ही बोलीची रूपं आहेत, दोष नव्हे. मुलाला डिस्लेक्सिया नाही, त्याच्या बोलीला वर्गात जागा द्या.’ पत्र फार छान झालं होतं. पाठवलं असतं तर मुलाचं नुकसान झालं असतं.

पत्र थांबलं ते बहिणीमुळे. दुसऱ्या भेटीला तीही सोबत आली होती. बाहेरच्या बाकावर दोघांचं भांडण झालं आणि ती धावत आत आली: ‘मॅडम, दादानं माही पाटी फोडली!’ मागून सोहम आला, त्याला सांगायचं होतं की पाटी तिनंच पाडली. तो म्हणाला, ‘हे पाटी पाडला. दादा पाटी फोडला नाई.’

सहा वर्षांच्या मुलीच्या वाक्यात कर्त्याला ‘नं’ होता आणि क्रियापद पाटीशी जुळलेलं होतं, ‘फोडली’. नऊ वर्षांच्या भावाच्या वाक्यात दोन्ही नव्हतं. त्यात तो स्वतःलाच ‘दादा’ म्हणत होता. घर एक, बोली एक.

मग मी मुद्दाम कान देऊन ऐकू लागले. ‘बैलले चारा टाकला’, बहीण म्हणते ‘बैलाले’. ‘झाडवर माकड’, बहीण म्हणते ‘झाडावर’. ‘पोट्टाले मारलं’, बहीण म्हणते ‘पोट्ट्याले’. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे सामान्यरूप होतं, ते त्याच्या बोलण्यात वारंवार गळत होतं. वऱ्हाडीत ‘ला’चा ‘ले’ होतो, पण सामान्यरूप सुटत नाही.

आजीला विचारलं, तुमच्याकडे असं बोलतात का? आजी म्हणाल्या, ‘कोनी नाई बोलत. हा पयल्यापासून असाच तोडून बोलते. याचा बाप बी उशिराच बोलला.’

इथे एक सावधगिरी लागते. कर्त्याला ‘ने’ न लावण्याची रीत मराठीच्या काही बोलींमध्ये खरोखरच आहे. डेक्कन कॉलेजने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात अशी विविधता नोंदवलेली दिसते. म्हणून पाठ्यपुस्तकातलं व्याकरण हाताशी धरून ‘चूक’ ठरवता येत नाही, आणि ‘बोली आहे’ म्हणून सोडूनही देता येत नाही. मुलाची तुलना त्याच घरातल्या, त्याच गल्लीतल्या मुलांशीच व्हायला हवी. माझ्याकडची सगळ्यांत भरवशाची चाचणी त्या बाकावर पाय हलवत बसली होती.

तपासणी

सर्वांत आधी कान. लहानपणी त्याचा कान वाहत असे, म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली. दोन्ही कान ठीक निघाले. मानसशास्त्रज्ञांनी भाषा न वापरता घेतलेल्या बुद्धिचाचणीत तो वयाप्रमाणे होता.

मग वाचन. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली आणलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे. त्यातले सुटे शब्द आणि अर्थहीन शब्द त्यानं वयाप्रमाणे वाचले. जोडाक्षरांवर अडखळला, रफार एकदोनदा भलत्या अक्षरावर गेला, पण चौथीतल्या मुलाचं ते चालून जातं. अक्षरांची ओळख कन्नड, मराठीसारख्या लिप्यांमध्ये इंग्रजीपेक्षा संथ चालते, चौथी-पाचवीपर्यंतही पुरी होत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामात हे दिसलं आहे. कार्डांचे आठ महिने अगदीच वाया गेले नव्हते. पण ज्या कुलुपाची ती किल्ली होती, ते कुलूप मुळात बंदच नव्हतं.

निर्णायक ठरली ती एक साधी गोष्ट. मी एक उतारा लिहिला: गणूची शेळी हरवते, रात्री पाऊस पडतो, सकाळी ती देवळाच्या ओट्याखाली सापडते. सोहमनं तो न थांबता वाचला. बाहेर उभ्या वडिलांचा चेहरा उजळला. मी विचारलं, शेळी तिथे का गेली असेल? ‘शेळी.’ कोण शोधत होतं? बराच वेळ गेला, मग ‘पाऊस’.

त्यानंतर मी उतारा काढून घेतला आणि अशीच दुसरी गोष्ट आजींना वऱ्हाडीत सांगायला लावली. वाचायचं काही नाही, परकी भाषा नाही, नुसतं ऐकायचं. उत्तरं थोडी सुधारली. ‘कोण’ आणि ‘कुठे’ जमलं. ‘का’ आणि ‘मग काय झालं असेल’ इथे परत भिंत.

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं उकलण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्याकडे गेली की दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. डिस्लेक्सियात पहिली बाजू पडते. असं मूल स्वतः वाचताना अडतं, पण कुणी वाचून दाखवलं की खाडकन उत्तर देतं. सोहमचं उलट होतं. कानानंही समजत नव्हतं, मग डोळ्यांनी कुठून समजणार?

शेवटी अर्थहीन शब्द ऐकून परत म्हणायला दिले. दोन अक्षरांचे म्हणाला, तीन अक्षरांना चाचरला, ‘टिमकोरा’सारख्या चार अक्षरी शब्दाचा ‘टिकोरा’ झाला. ऐकलेला ध्वनिक्रम मनात धरून ठेवणं जड जाणं ही भाषा विकाराची एक जुनी ओळखीची खूण आहे.

सगळं एकत्र ठेवल्यावर निदान निघालं: विकासात्मक भाषा विकार. ऐकू येतं, बुद्धी ठीक, पण भाषा तिच्या वेळेला आणि तिच्या घडीत येत नाही. २०१६-१७ मध्ये डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं तज्ज्ञांच्या गटानं हे नाव ठरवलं. त्याआधी याला दहा नावं होती, त्यामुळे पालकांना एकही लक्षात राहत नसे. हा विकार दुर्मीळ मुळीच नाही. टॉम्बलिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांमध्ये त्याचं प्रमाण ७.४ टक्के मोजलं. त्यातल्या फक्त २९ टक्के मुलांच्या पालकांना आधी कुणी याची कल्पना दिली होती. आणि २००४ मध्ये केट नेशन यांनी इंग्लंडमधली, नीट वाचणारी पण न समजणारी मुलं तपासली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांत हाच विकार लपलेला निघाला. आधी त्यांच्यापैकी एकाचाही ओळखला गेला नव्हता. ही मुलं वाचतात ना, मग कुणाला शंका येणार.

सोहमच्या बाबतीत तर पडदे तीन होते: खडखडीत वाचन, लॉकडाऊन आणि बोली.

समोरचे पर्याय

वडिलांचा पहिला आग्रह प्रमाणपत्राचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि आठ वर्षांवरच्या मुलाला तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यातून परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. पण यात एक गंमत आहे. त्याच कायद्यातली ‘वाचा आणि भाषा अक्षमता’ ही नोंद स्वरयंत्र काढून टाकणं किंवा मेंदूच्या आघातानंतरचा वाचाघात अशा कायमच्या स्थितींसाठी आहे, सोहमसारखी मुलं त्यात बसत नाहीत. मात्र अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्लेक्सियाच्या रांगेत शेवटी एक जुनं नाव आहे, त्याचं मराठी ‘विकासात्मक वाचाघात’ असं करता येईल. सोहमचा विकार पूर्वी या नावानं ओळखला जाई. म्हणजे दार आहे, पण पाटीवर जुन्या मालकाचं नाव. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळासमोर हे समजावून सांगावं लागणार होतं, आणि तिथे जी चाचणी वापरतात ती मुख्यतः वाचन, लेखन, गणिताची.

दुसरा पर्याय गुरुजींचा. घरी सगळ्यांनी ‘शुद्ध’ बोलायचं. हेतू चांगलाच होता, परीक्षेत ‘मले’ लिहिलं की गुण जातात हे ते रोज बघतात. पण त्या आजी सोहमशी पुस्तकी मराठीत काय बोलल्या असत्या? जेमतेम चार वाक्यं. ज्या मुलाला भाषा कमी पडते, त्याच्या कानावर पडणारी भाषा आणखी कमी करायची, हा उपाय मला पटला नाही.

तिसरा, कार्डांचा सराव चालू ठेवणं. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

चौथा पर्याय बोलण्यावर काम करायचा: आधी वऱ्हाडीत, मग तिथून पाठ्यपुस्तकाकडे पूल. पॉला क्लार्क आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला अभ्यास माझ्या डोक्यात होता. वाचून न समजणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे गट करून कुणाला मजकुरावर, कुणाला तोंडी भाषेवर, कुणाला दोन्हींवर वीस आठवडे शिकवलं. शिकवणं संपून अकरा महिने झाल्यावर वाचन-आकलनात सर्वांत पुढे होता तो तोंडी भाषेचा गट. वाचन सुधारायला पुस्तक बाजूला ठेवा, हे पालकांच्या गळी उतरवणं सोपं नसतं. वडील म्हणालेच, ‘मॅडम, गोष्टी सांगाले तर बुढी हायेच घरी. फी कायची?’

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, फी आजींना शिकवण्याची.

काय केलं

आठवड्यातून दोनदा यायचं ठरलं, एकदाच जमलं. एसटीच्या वेळा, हंगाम, वडिलांची पाळी. मधल्या दिवसांत आजी आणि आईचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज.

पहिले तीन महिने फक्त ‘नं’ आणि ‘ले’. पत्त्यांवर चित्रं: कुत्रा, भाकर, बोका, दूध. ‘कोनं खाल्ली?’ असं विचारायचं, म्हणजे प्रश्नातच ‘नं’ ऐकू येतो. तो ‘कुत्रा भाकर खाल्ला’ म्हणाला की ‘चूक, परत म्हण’ असं कुणीही म्हणायचं नाही. आजींनी फक्त गप्पांच्या ओघात म्हणायचं, ‘हो ना बावा, कुत्र्यानं भाकर खाल्ली.’ बरोबर रूप त्याच्या वाक्याला लगेच खेटून कानावर पडलं पाहिजे. आजींना हे एका दिवसात जमलं. वडिलांना महिनाभर जमलं नाही, ते दरडावायचे.

मग गोष्टीचा सांगाडा. कोण, कुठे, काय झालं, काहून (म्हणजे का), मग? पाच बोटं, पाच प्रश्न. ‘काहून’चं बोट सगळ्यांत अवघड, म्हणून अंगठा त्याचा. पोळ्याला घरचा बैल सजवल्याची गोष्ट आम्ही बारा-पंधरा वेळा सांगितली असेल.

दिवाळीनंतर दोन रकान्यांची वही. डावीकडे ‘घरचं’, उजवीकडे ‘पुस्तकातलं’: शाया–शाळा, पानी–पाणी, मले–मला, बैलाले–बैलाला. लाल पेन या वहीत वर्ज्य. यासाठी गुरुजींशी फोनवर तीन वेळा बोलावं लागलं. तिसऱ्यांदा मी त्यांना सोहमचा पोळ्यावरचा जुना निबंध वाचून दाखवला: ‘पोळा सन. बैल रंग लावते. बाबा बैल तोरन नेते.’ विचारलं, यात बोली कोणती आणि अडचण कोणती? ‘सन’, ‘तोरन’, ‘लावते’ ही घरची भाषा. ‘बैल रंग लावते’ ही अडचण, कारण रंग बैलाला लावतात, बैल कुणाला लावत नाही. फोनवर जरा शांतता झाली. मग गुरुजी म्हणाले, मॅडम, माझ्या वर्गात असा आणखी एक आहे.

त्यानंतर त्यांनी स्वतःहून एक केलं, जे मी सुचवलंही नव्हतं. नवा धडा वर्गात वाचायच्या आदल्या दिवशी ते त्याची गोष्ट वऱ्हाडीत सांगायला लागले, सगळ्या वर्गाला.

निष्पत्ती

चौदा महिन्यांनी, पाचवीच्या मध्यावर, परत सगळं तपासलं. बोलण्यात ‘नं’ बहुतेक वेळा येतो, घाईत किंवा रागात सुटतो. सामान्यरूपं ओळखीच्या शब्दांना लागतात, नव्या शब्दाला नाही. लेखनात अजून बरंच गळतं. छोट्या उताऱ्यावरच्या ‘कोण, कुठे, काय’ला उत्तरं येतात, ‘का’ला निम्म्या वेळा. चार अक्षरी अर्थहीन शब्द जवळपास होते तिथेच आहेत.

गणितातली शाब्दिक उदाहरणं मात्र हलली नाहीत. ‘पेक्षा’ आणि ‘उरले’ आलं की तो अंदाजानं बेरीज करतो. याकडे मी उशिरा पाहिलं.

प्रमाणपत्राचा अर्ज आम्ही पुढे ढकलला. आधी काम, मग कागद, हा निर्णय माझा होता आणि वडिलांनी माझ्यावर विश्वास टाकला. सोहम आता सातवीत आहे, पेपर लांबलचक झालेत, आणि अर्ज गेल्याच वर्षी दाखल झाला. मंडळानं पहिल्या खेपेला ‘वाचन वयानुरूप’ म्हणून परत पाठवला. सविस्तर भाषा अहवाल जोडून तो पुन्हा दिला आहे.

आज केलं असतं तर

अर्ज पहिल्याच वर्षी समांतर केला असता. काम आणि कागद यांत निवड करायची गरज नव्हती, ती मी उगाच उभी केली.

पहिल्या भेटीला भावंड आणि आजी-आजोबा सोबत आणा, हे आता मी फोनवरच सांगते. रेकॉर्डिंग आधी त्यांच्यात त्यांच्यात बोलतानाचं घेते, माझ्याशी बोलतानाचं नंतर. वऱ्हाडीतली रूपं लिहिलेली एक वही टेबलावर असते. ती सोहमच्या आजींनी सांगून लिहवून घेतलेली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर ‘तो खेळते = बरोबर’ असं ठळक लिहिलंय.

एका निर्णयाबद्दल अजून खात्री नाही. निदानाचं नाव मी सोहमला सांगितलं नाही, नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगायचं म्हणून. गेल्या उन्हाळ्यात त्यानंच विचारलं, ‘मॅडम, माह्या डोक्यात काय हाये?’ मी चित्र काढून दाखवलं, भाषेचा रस्ता, त्यावरचे खड्डे वगैरे. तो ऐकत होता. मग पाच बोटं वर करून त्यानं अंगठा हलवला, ‘काहून?’

त्याचं उत्तर देता देता पुढच्या मुलाची वेळ झाली.